फलाण्याची बाजू

स्मरणिका म्हटली की बाकीचे स्नेहसंमेलन, छडी आणि मधल्या सुट्टीतली चिंचा-बोरं लिहितीलच. मी हिब्रूच्या सरांबद्दल लिहितो. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मुलांचा हिब्रूचा तास असे, तेव्हा आम्हा बाकीच्यांना मोकळीक. मी मात्र मागच्या बाकावर बसून राहायचो. सरांनी कधी ऊठ म्हटलं नाही.

गोष्टीला हात घालण्याआधी सर पीकपाणी, जमीनजुमला आणि नातीगोती यांची चौकशी करत. बायबलातल्या रूथच्या गोष्टीच्या वेळी पहिला प्रश्न होता, "बेथलेहेमला जवाची कापणी कधी?" वल्हांडण या ज्यूंच्या सणाच्या सुमारास, साधारण एप्रिलात; गहू त्यानंतर. मग फळ्यावर शेताचा चौकोन काढून चारही कोपरे खडूने भरले. हे कोपरे मालकाने कापायचे नाहीत. हातातून गळलेली कणसं उचलायची नाहीत, विसरलेल्या पेंढीसाठी माघारी फिरायचं नाही. ते सगळं गोरगरिबांचं, विधवांचं, पोरक्यांचं आणि परक्यांचं, असा तोराचा, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाचा, कायदाच आहे. मवाब या शेजारच्या मुलखातून आलेली रूथ विधवाही आणि परकीही. सासरच्या नात्यातल्या बवाज नावाच्या बड्या माणसाच्या शेतात ती विचारून शिरते खरी, पण वेचणं तिच्या हक्काचं होतं. पेंढ्यांतली कणसं तिच्यासाठी मुद्दाम ओढून टाका, असं बवाज गड्यांना सांगतो, ते मात्र त्याच्या पदरचं. संध्याकाळी झोडपून एफाभर जव निघाले. एफा म्हणजे अंदाजे 22 लिटर. "एवढं ओझं घेऊन ती सासूकडे चालत गेली," सर म्हणाले.

रूथ रात्री खळ्यावर झोपलेल्या बवाजपाशी जाते, तो भाग आला तेव्हा वर्गात खुसखुस झाली. सरांनी ती होऊ दिली आणि विचारलं, "गावातला बडा माणूस घर सोडून राशीपाशी का झोपतो?" अलिबागकडच्या एका मुलाने चटकन सांगितलं, "राखणीला, सर."

पण माझ्या मनात घर केलं ते वेशीतल्या प्रसंगाने. गावाच्या वेशीत दहा वडीलधारी बसवून बवाज जवळच्या भाऊबंदाला म्हणतो, अलीमलेखची, म्हणजे रूथच्या मेलेल्या सासऱ्याची, जमीन विकत घेऊन सोडवायचा पहिला मान तुझा. तो तयार होतो. शेताबरोबर रूथही येते, तिच्या नवऱ्याचं नाव वतनावर राखावं लागेल, हे कळताच माघार घेतो. बवाजला म्हणतो, तूच घे; आणि पायातली वहाण काढतो. पूर्वी इस्राएलात व्यवहार पक्का करायची अशी चाल होती, असं निवेदक इथे स्वतःच सांगून टाकतो. यावर सर खूश होत. "लिहिणाऱ्याच्या काळीच ही चाल जुनी झाली होती. टीप त्यांनाही लागली!"

त्या भाऊबंदाचं नाव गोष्टीत कुठेच नाही. मूळ हिब्रूत त्याला 'पलोनी अल्मोनी' म्हटलंय, म्हणजे फलाणा-बिस्ताणा. आपला 'फलाणा' फारसीतून आलेला, मूळचा अरबी, आणि अरबी-हिब्रू बहिणी-बहिणी. मेलेल्याचं नाव राखायला जो तयार नाही, त्याचं नाव लेखकाने राखलं नाही, असं सरांचं म्हणणं.

इथे माझं सरांशी कधीच जमलं नाही. मी पुढे वकील झालो, जन्म वारसनोंदी आणि भाऊबंदकीत गेला. त्या माणसाचा हिशेब बघा: पैसे त्याने मोजायचे आणि रूथला मुलगा झाला की शेत मेलेल्याच्या नावाने त्या मुलाकडे. शिवाय स्वतःच्या वतनाला धक्का लागेल, असं तो उघड सांगतो. लबाडी कसली त्यात? शाळा सोडल्यावरही भेट झाली की आमचा हा वाद निघायचा. सर म्हणत, तू फलाण्याचा वकील. वकीलपत्र अजून सोडलेलं नाही.