दोन तुकड्यांचा कीबोर्ड आणि हरवलेला ळ

शेवटी कॉर्न (Corne) नावाचा कीबोर्ड जोडून झाला! ४२ बटणं, दोन वेगळे तुकडे, मधे एक केबल. जेल रोडवरून सोल्डरची तार आणली आणि रविवारी पोहे-जिलेबी उरकून डायनिंग टेबलावरच बसलो, तर आजी म्हणते "काय रे, भांड्याला डाख लावतोयस का?" म्हटलं हो, तसंच समज.

खरा वैताग डायोडचा. प्रत्येक बटणाला एक, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि त्यावरची बारीक काळी रेघ बोर्डावरच्या खुणेशी जुळायलाच हवी, कारण करंट एकाच बाजूने जातो, उलटा बसला की ते बटण मेलं. पहिले दहा जॉइंट गोळे गोळे झाले, मग कळलं की आधी पॅड (बोर्डावरचा धातूचा ठिपका) आणि डायोडचा पाय दोन्ही तापवायचे, तार नंतर टेकवायची, सोल्डर आपोआप पसरतं.

फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डाचा आतला प्रोग्रॅम, टाकलं, टाइप करून पाह्यलं तर सगळं चालू, फक्त एन बंद. आणि इनस्क्रिप्टमधे, म्हणजे मी मराठीसाठी वापरतो त्या लेआउटमधे, ल नि ळ दोन्ही तिथेच! मावशीला "जिलेबी खाल्ली" ऐवजी "जिेबी खा्ी" गेलं, तिचा लगेच फोन, "बरा आहेस ना रे?" डायोड उलटा होता, दुसरं काय. सोल्डर विकने (तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) सोल्डर शोषून काढलं, फिरवून लावला, चालला.

हां, एक सांगतो, यूएसबी चालू असताना मधली केबल काढूघालू नका, शॉर्ट होऊन कंट्रोलर (कीबोर्ड चालवणारी चिप) उडू शकतो. स्पीड सध्या गोगलगायीचा आहे, आजी पाटीवर भरभर लिहील माझ्यापेक्षा.