रोजनाम्यातले एक वाक्य

‘आरोपीस शिक्षेबाबत ऐकले.’ २०११ सालच्या एका सत्र खटल्याच्या रोजनाम्यातले, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीतले, हे वाक्य आहे. त्या खटल्यात विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेला वकील म्हणून आरोपीच्या बाजूने मी उभा होतो, आणि त्याच दिवशी आरोपीला फाशीची शिक्षा झाली. ते वाक्य कायद्याच्या दृष्टीने निर्दोष आहे, पण ते खरे नाही. ते खरे नसण्यात माझा वाटा मोठा आहे, म्हणून हे लिहीत आहे.

खटला एका वृद्ध दाम्पत्याच्या खुनाचा होता. चोरीसाठी घरात शिरलेल्या माणसाने दोघांनाही मारले, असा आरोप होता आणि पुरावा बळकट होता. सकाळी साडेअकराला न्यायाधीशांनी आरोपीला कलम ३०२ खाली दोषी ठरवले आणि शिक्षेच्या मुद्द्यावरची सुनावणी दुपारच्या सुट्टीनंतर ठेवली. दोषी ठरवल्यानंतर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, असे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) मध्ये सांगितले होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही तरतूद कायम आहे. खालच्या न्यायालयांनी दोषी ठरवल्यावर शिक्षेसाठी सर्वसाधारणपणे पुढची तारीख द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच म्हटले होते. मला हा निवाडा माहीत होता. तरीही मी तारीख मागितली नाही. निकाल काय लागणार हे दिसत असताना चार दिवसांनी काय बदलणार आहे, असा विचार मी केला.

दुपारी मी जे बोललो ते आजही मला पाठ आहे. आरोपी तरुण आहे, त्याचा हा पहिलाच गुन्हा आहे, घरची परिस्थिती गरिबीची आहे, म्हातारी आई त्याच्यावर अवलंबून आहे. खुनाच्या कोणत्याही खटल्यात कोणताही वकील हीच चार वाक्ये बोलतो. बच्चनसिंग खटल्यात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा घटनाबाह्य नसल्याचे चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले, पण ती ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच द्यावी आणि देताना गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही पाहावा, असे बंधन घातले. आरोपी सुधारण्याची शक्यता नाही, हे सरकार पक्षाने पुराव्यानिशी दाखवायचे असते. त्या दिवशी सरकार पक्षाने तसा काहीही पुरावा दिला नाही, आणि मी त्यावर बोटही ठेवले नाही. हत्याराची लांबी, पंचनाम्याची वेळ, मुद्देमालाच्या पाकिटांवरच्या सह्या, या सगळ्याची मला वर्षभरात खडान्‌खडा माहिती झाली होती. पण तो कितवीपर्यंत शिकला, वडील कधी गेले, पहिली मजुरी कितव्या वर्षी केली, यातले काहीच मी त्याला कधी विचारले नव्हते.

माझे बोलणे संपल्यावर न्यायाधीशांनी आरोपीकडे पाहून विचारले, “शिक्षेबाबत तुम्हाला काही म्हणायचे आहे काय?” पिंजऱ्यातून लगेच उत्तर आले, “काही नाही.” लघुलेखकाने ते घेतले. वीस मिनिटांत सुनावणी आटोपली आणि पाच वाजता शिक्षा सुनावली गेली.

निकालपत्रात एक परिच्छेद असा आहे की, संधी देऊनही आरोपीने एका शब्दाने पश्चात्ताप व्यक्त केला नाही, यावरून त्याची निर्ढावलेली वृत्ती दिसून येते. न्यायाधीशांवर माझा राग नाही. ते सचोटीचे गृहस्थ होते आणि त्यांच्यासमोर जे आले त्यावरूनच त्यांनी निष्कर्ष काढला. त्यांच्यासमोर ते कसे आले, हे मात्र मला त्या संध्याकाळी कळले, आणि ते शेवटी सांगतो.

कोर्टाबाहेर व्हरांड्यात मृत दाम्पत्याचा मुलगा उभा होता. दोन वर्षे प्रत्येक तारखेला तो येऊन शेवटच्या बाकावर बसत असे आणि कधी कोणाशी बोलत नसे. त्या दिवशी तो माझ्याजवळ आला आणि शांतपणे म्हणाला, “वकीलसाहेब, तुमचं काय म्हणणं आहे, असं माझ्या आईवडिलांना कुणी विचारलं होतं का?” मी मान खाली घातली. त्याचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते आणि आजही नाही. फाशीच्या विरोधात बोलणाऱ्याने या प्रश्नासमोर एकदा तरी उभे राहिले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. तसे उभे राहूनही मी आज फाशीच्या विरोधात आहे. जरब बसते की नाही, हा वाद वर्षानुवर्षे चालला आहे. माझा विरोध मी पाहिलेल्या त्या वीस मिनिटांमुळे आहे.

तो प्रकार केवळ माझ्या कोर्टातला असता तर गोष्ट वेगळी होती. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा जणांना फाशीचीच शिक्षा योग्य ठरवली होती, आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मधल्या २६२व्या अहवालात दहशतवादाशी संबंधित गुन्हे आणि देशाविरुद्धचे युद्ध वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली, ती अद्याप स्वीकारली गेलेली नाही. फाशीच्या खटल्यात आरोपीचे बालपण, कुटुंब, मानसिक अवस्था आणि तुरुंगातले वर्तन यांची माहिती खालच्या न्यायालयातच मागवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्टपणे सांगितले. माझ्या अशिलाच्या दृष्टीने ते अकरा वर्षे उशिरा आले.

उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय फाशी अमलात येत नाही, म्हणून प्रकरण तिथे गेले. तिथल्या वकील बाईंनी तुरुंगात जाऊन, त्याच्या आईला आणि शाळेच्या मास्तरांना भेटून जे जमवले ते वाचताना मला माझीच लाज वाटली. तिसरीत शाळा सुटलेली, नवव्या वर्षापासून खडी फोडण्याचे काम. माझ्याकडच्या वकीलपत्रावर त्याच्या डाव्या अंगठ्याचा निळा ठसा आहे. उच्च न्यायालयात दाखल झालेल्या, तुरुंगातून आलेल्या त्याच्या अर्जाखाली सही आहे. एकेक अक्षर सुटे, आडनावातली वेलांटी विसरून मागाहून वर काढलेली. फाशी यार्डात शेजारच्या कैद्याने त्याला लिहायला शिकवले होते. त्याची शिक्षा जन्मठेपेवर आली.

आता त्या संध्याकाळबद्दल. शिक्षा झाल्यावर पोलीस पार्टी त्याला गाडीकडे नेत होती. मी सहीसाठी कागद घेऊन गेलो, तेव्हा न राहवून त्याला विचारले की, साहेबांनी विचारले तेव्हा एक शब्द तरी का बोलला नाहीस. तो गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला. काही महिन्यांपूर्वी कलम ३१३ च्या जबाबाच्या, म्हणजे पुराव्याबाबत न्यायाधीश आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात त्याच्या, आदल्या दिवशी मीच त्याला शिकवले होते की, प्रत्येक प्रश्नाला ‘खोटे आहे’ किंवा ‘माहीत नाही’ म्हणायचे, आणि शेवटी साहेबांनी ‘आणखी काही म्हणायचे आहे काय’ असे विचारले की ‘काही नाही’ म्हणायचे. त्याने ते नीट पाठ केले होते.

“साहेब,” तो म्हणाला, “आज बोलायचं होतं का?”