आईचा एक आणि माझा नऊ

वाईच्या घरावरची कौलं काढून पत्रा टाकायचं आम्ही २०२३च्या उन्हाळ्यात ठरवलं. पाऊस सुरू व्हायच्या आत काम उरकायचं होतं. मी नोकरीला पुण्यात, आई वाईत एकटी. मोजमाप, भाव, घासाघीस सगळं तिनेच केलं. माझ्याकडे एकच काम होतं, पत्रेवाले दादांच्या खात्यावर ३८,५०० रुपये ॲडव्हान्स पाठवायचं.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. घरातला प्रत्येक आकडा तिच्या हिशोबाच्या वहीत उतरल्याशिवाय खरा होत नाही. दादांनी बिलाच्या पाठीमागे लिहून दिलेला खाते क्रमांक तिने आधी वहीत उतरवला आणि मला फोटो पाठवला तो वहीचा. २० मे, शनिवार. मी मोबाइल ॲपमध्ये नवीन नाव जोडलं. ॲप खाते क्रमांक दोनदा टाइप करायला लावतं. मी दोन्ही वेळा त्याच फोटोत बघून टाइप केला, त्यामुळे चूकही दोन्ही वेळा तीच झाली आणि ॲपला सगळं जुळलेलं दिसलं. एनईएफटी केलं, म्हणजे बँकेतून बँकेत ऑनलाइन पैसे पाठवले, ‘यशस्वी’ आलं, मी विसरून गेले.

सोमवारी संध्याकाळी दादांचा आईला फोन. पैसे आले नाहीत.

मी स्टेटमेंट उघडलं. रक्कम गेलेली, समोर दादांचं नाव. जिवात जीव आला. पण ते नाव मीच टाइप केलेलं होतं, पैसे कुणाला मिळाले याच्याशी त्याचा काही संबंध नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं. मग दादांनी पासबुकाचा फोटो पाठवला आणि मी एकेक आकडा ताडून पाहिला. सातवा आकडा छापील एक. वहीत पाहिलं तर आई बँकेचं म्हणून सगळे आकडे इंग्रजीत लिहीत गेली होती आणि मध्येच हात सवयीने मराठीवर गेला होता. गोल डोकं, खाली लांब शेपटी असा आपला मराठी एक. इंग्रजी आकड्यांच्या रांगेत बसलेला तो एक म्हणजे अगदी हुबेहूब इंग्रजी नऊ. आपला चारही असाच इंग्रजी आठसारखा दिसतो. लहानपणी यावर विनोद करायचो.

मंगळवारी, २३ मेला, मी माझ्या बँकेच्या शाखेत गेले. नेमका दोन हजाराच्या नोटा बदलायचा तो पहिला दिवस. रांग दारापर्यंत. वीस मिनिटांनी एका मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला आशा होती की असं खातंच नसेल आणि पैसे आपोआप परत येतील. त्यांनी ती लगेच संपवली. खातं अस्तित्वात नसतं तर एनईएफटीची रक्कम दोनेक तासांत परत आली असती. तीन दिवस झाले म्हणजे ती कुणाच्या तरी खात्यात जाऊन बसलीय. “नाव वेगळं असताना जमा झालीच कशी?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “नाव बघतच नाहीत. नंबर जुळला की जमा.”

मला ते पटलं नाही, म्हणून घरी येऊन शोधलं. त्यांचं खरं होतं. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्येच बँकांना सांगून ठेवलंय की अशा व्यवहारात फक्त खाते क्रमांक पाहून पैसे जमा करता येतील आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. तशी सूचना स्क्रीनवर दाखवायची असंही त्यात आहे. ती माझ्या ॲपवरही असणार. मी ‘मान्य’ दाबून पुढे गेले असणार. (१ एप्रिल २०२५पासून एनईएफटी आणि आरटीजीएसला पैसे पाठवण्याआधी समोरच्या खातेदाराचं नाव दिसण्याची सोय आली. ती तेव्हा असती तर हे लिहावं लागलं नसतं.)

मॅडमनी अर्ज लिहायला लावला. ग्राहक सेवेला फोन करून तक्रार क्रमांक घेऊन झाला होता, पण त्या क्रमांकावर ‘व्यवहार यशस्वी’ एवढं एकच उत्तर येऊन तक्रार बंदही झाली होती. खरं काम या कागदाने केलं. त्यात तारीख, रक्कम, यूटीआर (म्हणजे त्या व्यवहाराचा) क्रमांक, चुकीचा खाते क्रमांक, बरोबर खाते क्रमांक आणि चूक नेमकी कशी झाली ते दोन ओळींत. सोबत स्टेटमेंटचं पान, वहीचा फोटो, दादांच्या पासबुकाचा फोटो. वहीचा फोटो लावायला मला लाज वाटत होती, मॅडमनीच आग्रह धरला. म्हणाल्या, एका आकड्याचा फरक डोळ्यांना दिसला की समोरच्या बँकेला संशय राहत नाही. झेरॉक्सवर शिक्का मारून पोच घेतली. ही पोच पुढे फार उपयोगी पडली.

त्यानंतर काहीच घडलं नाही. माझ्या शाखेने वरच्या ऑफिसला मेल पाठवला, त्यांनी समोरच्या बँकेच्या वरच्या ऑफिसला, आणि तिथून तो कुठे अडकला ते कुणालाच सांगता येईना. दरम्यान मी एक छोटी एफडी मोडून दादांचे पैसे दिले. पावसाला माझ्या तक्रारीचं काय!

या दिवसांत सल्ले खूप मिळाले. कुणी म्हणालं १९३० लावा. तो नंबर सायबर फसवणुकीसाठी आहे, आणि मला कुणी फसवलं नव्हतं. पोलीस चौकीतही हेच सांगितलं, जरा वैतागून. वकील मैत्रिणीने मात्र धीर दिला. चुकून मिळालेले पैसे परत केलेच पाहिजेत हे १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७२ मध्येच आहे, आणि माहीत असूनही कुणी ते दाबून ठेवले तर फौजदारी कलमही लागू शकतं. तेव्हा ते भारतीय दंड विधानाचं ४०३ होतं, आता भारतीय न्याय संहितेत ३१४. “पण नोटीस पाठवणार कुणाला?” ती म्हणाली. नाव नाही, पत्ता नाही. बँक ते देणार नाही, आणि देऊही नये. उद्या माझंही नाव कुणाला सांगतील.

३ जूनला, शनिवारी, मी वाईला गेले आणि दादांचं खातं असलेल्या त्या दुसऱ्या बँकेच्या तिथल्या शाखेत जाऊन बसले. मी टाकलेला आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, त्याच शाखेचा होता, त्यामुळे चुकीचं खातंही वाईतलंच असणार असा माझा हिशोब. साहेबांनी क्रमांक टाकला आणि मान हलवली. खातं आमच्याकडचं नाही, करमाळा तालुक्यातल्या शाखेतलं. त्यांच्या बँकेत खाते क्रमांक सगळ्या शाखा मिळून एकच असतो, म्हणून आयएफएससी वाईचा असला तरी पैसे नंबरामागे करमाळ्याला गेले. नाव विचारलं तर त्यांनी स्क्रीन किंचित स्वतःकडे वळवली. पण एक चांगुलपणा केला. त्या शाखेला माझ्यासमोर फोन लावला, माझा अर्ज आणि पोच स्कॅन करून पाठवली, आणि मला सांगितलं, “आम्ही त्यांच्या खात्यातून परस्पर काढू शकत नाही. त्यांची सही पाहिजे. ती मिळाली की दोन मिनिटांचं काम.”

त्या दिवशी आईला सगळं समजलं. तोवर मी तिला ‘बँकेचा घोळ’ एवढंच सांगितलं होतं. तिने वही काढली, ते पान बघितलं, काही बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, “एकतीस वर्षं पोरांना आकडे गिरवायला लावले.” मी म्हटलं चूक माझी, बिलाचा फोटो मागायला हवा होता. ते खरंच आहे. पण तिने ते ऐकलं असं वाटलं नाही.

करमाळ्याहून काही कळेना. २३ जूनला, पोचेवरच्या तारखेपासून महिना उलटल्यावर, मी माझ्या बँकेला दुसरं पत्र दिलं. त्यात एकच नवीन वाक्य होतं. तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यामुळे मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करणार आहे. २०२१च्या एकात्मिक लोकपाल योजनेत बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर ऑनलाइन तक्रार करता येत होती, फी नव्हती. माझी स्वतःची चूक लोकपाल भरून देणार नाही हे मला कळत होतं. पण कागद महिनाभर टेबलावर पडून राहणं ही माझी चूक नव्हती. तक्रार करायची वेळच आली नाही. चौथ्या दिवशी करमाळा तालुक्यातल्या त्या शाखेतून फोन आला. खातेदार आले होते. द्यायला तयार आहेत. पण खात्यात अकराशे रुपये आहेत.

तो शेतकरी उजनीच्या काठचा, केळी पिकवणारा. एका व्यापाऱ्याकडे त्याची केळीची बाकी होती. २० मेला मेसेज आला तेव्हा त्याला वाटलं, शेवटी सुचलं याला. त्याने व्यापाऱ्याला फोन करून आभारही मानले, आणि व्यापारी “हां हां, राहिलेलं पण बघू” म्हणाला! ३१ मेला ट्रॅक्टरचा सहामाही हप्ता खात्यातून आपोआप कापला गेला. माझ्या पैशातून. मॅनेजर म्हणाले, तुमचा कागद हप्त्याच्या आधी पोचला असता तर त्यांना बोलावून रक्कम बाजूला ठेवता आली असती. आठ दिवस होते हातात. ते मेलामेलीत गेले.

त्याच्या परवानगीने मॅनेजरने मला नंबर दिला. जुलैच्या मध्यावर मी पुण्याहून रेल्वेने जेऊरला उतरले, तिथून तो मोटारसायकलवर न्यायला आला. बँकेतच जायचं होतं, पण आधी घरी नेलं. त्याच्या बायकोने चहा आणि केळी पुढे ठेवली. त्याला सारखं एकच सांगायचं होतं, “ताई, म्या दाबून ठिवलं न्हाईत. मला वाटलं व्यापाऱ्याचंच हाईत.” मी सोबत वहीचा फोटो नेला होता. त्याने तो जवळ धरून बघितला आणि हसला. “ह्यो एक हाय की. नऊ कोण म्हनंल?” त्याच्या नातवाने मात्र नऊ वाचला.

शाखेत त्याने संमतीपत्र लिहून दिलं. आदल्या आठवड्यात भरलेल्या केळीच्या गाडीतले ८,५०० लगेच, उरलेले पुढच्या दोन गाड्यांवर १५,०००-१५,००० असे. मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी त्या कागदावर तारखा घालून घेतल्या आणि दोघांच्या सह्या, मॅनेजरच्या साक्षीने. मला ते घालून घेताना अवघडल्यासारखं झालं. तो म्हणाला, घाला की, बँकेला बी देतोच की लिहून.

८,५०० त्याच दिवशी काउंटरवरून आले. एक हप्ता ऑगस्टमध्ये आला. दुसऱ्याला वीस दिवस उशीर झाला. भाव पडला होता, फोन करून तसं त्याने आधीच कळवलं होतं. सप्टेंबरच्या शेवटी एका दुपारी मेसेज आला, १ रुपया जमा. पाठोपाठ फोन. पलीकडून नातू बोलत होता, मागे आजोबांचा आवाज.

“ताई, एक रुपया आला का?”

“आला.”

“तुमच्याच खात्यात ना? बघा नीट. आज्जा म्हनतोय, आधी बघा, मग बाकीचं टाकतो.”

मी ॲप उघडलं, नीट बघितलं आणि हो म्हटलं.

पाच मिनिटांनी १४,९९९ आले.