लव्हाळा, नोंद 7: मल्चिंग पेपर फोडून वर आला

लव्हाळा म्हणजे जमिनीत गाठी धरणारं चिवट तण. वळवाचे दोन मोठे पाऊस झाले आणि चौथ्या दिवशी वाफा 2 वरच्या काळ्या मल्चिंग पेपरला, म्हणजे मातीवर अंथरलेल्या प्लास्टिकला, सुईनं टोचल्यासारखी भोकं दिसली. आठव्या दिवशी भोकाभोकातून लव्हाळ्याची हिरवी काडी. 4 बाय 10 फुटांच्या वाफ्यात 63 भोकं मोजली. पेपर 25 मायक्रॉनचा, कडा चारही बाजूंनी वीतभर पुरलेल्या, खाली दीड महिना अंधार. उजेड तोडून गाठी उपाशी मारायचा नोंद 6 मधला बेत पुरता फसला.

दोन चुका झाल्या. दुसरी जास्त महागात पडली.

पहिली चूक काळ्या रंगाची. लव्हाळ्याचा कोंब जमिनीतून येताना पानं एकमेकांत घट्ट गुंडाळलेली असतात आणि टोक दाभणासारखं असतं. उजेड लागेपर्यंत ती घडी उलगडत नाही. काळ्या पेपरखाली उजेड नाही, म्हणून कोंब टोकदारच राहतो, ढकलत राहतो आणि पातळ प्लास्टिक सहज फोडतो. पुरावा त्याच वाफ्यात सापडला. उत्तरेच्या टोकाला काळा पेपर कमी पडला होता, तिथं दीड फुटाचा पारदर्शक तुकडा जोडला होता. त्या तुकड्याला एकही भोक नाही! खाली कोंब भरपूर आले होते, पण उजेड मिळताच पानं उघडली, प्लास्टिकला चिकटून चपटी झाली आणि उन्हात होरपळली. या सगळ्या उद्योगातली ही सर्वांत समाधानाची गोष्ट, आणि ती पेपर कमी पडल्यामुळे कळली.

दुसरी चूक पाण्याची. पेपर अंथरला तेव्हा माती कोरडी होती. कोरड्या मातीत लव्हाळ्याची गाठ झोपून राहते आणि झोपलेली गाठ साठ्यातलं जवळपास काहीच खर्च करत नाही. अंधारानं उपाशी मारायचं तर ती आधी फुटली पाहिजे. म्हणजे तो दीड महिना आपण गाठी नुसत्या सांभाळून ठेवल्या. वळवाची ओल कडेनं आत शिरली तशा त्या भरल्या पोटी उठल्या.

पेपर काढून वाफ्याच्या मधोमध एक चौरस फूट, 20 सेंमी खोल उकरला. माती 6 मिमीच्या जाळीतून चाळली. 41 गाठी निघाल्या. बहुतेक वरच्या 15 सेंमीत, पण तळाशीही पाच होत्या. 41 पैकी कोंब फक्त 14 गाठींना. बाकीच्या 27 टणक, कापल्यावर आत पांढऱ्या आणि नागरमोथ्याचा तो ओळखीचा वास येणाऱ्या. म्हणजे जिवंत. मेलेली गाठ आतून तपकिरी, भुसभुशीत असते आणि नखानं दाबली की पिचते.

या 27 का फुटल्या नाहीत? गाठी सुट्या नसतात. जमिनीतल्या धावत्या दोऱ्यावर माळेसारख्या ओवलेल्या असतात आणि माळेतली टोकाची गाठ बाकीच्यांचे डोळे दाबून ठेवते. माळ अखंड आहे तोवर एखाद-दुसरीच फुटते, उरलेल्या राखीव. म्हणूनच वर दिसणारी चार पाती उपटून काही होत नाही: पात हातात येते, दोरा तुटतो, गाठ खालीच राहते. आणि दोरा तुटल्यामुळे दाब उठतो, मग मागच्या गाठीही फुटतात. फवाऱ्याचंही तेच. ग्लायफोसेट हे तणनाशक पानातून जिवंत दोऱ्यानं खाली उतरतं, पण झोपलेल्या गाठींपर्यंत ते पुरेसं पोचत नाही. पंधरा दिवसांत वाफा पिवळा दिसतो, महिन्यानं पुन्हा हिरवा. ऊसवाले हॅलोसल्फ्युरॉन हे दुसरं तणनाशक मारतात. मेथी, मुळा, वांगी एकाच वाफ्यात फिरवणाऱ्यांनी त्याच्या नादी लागू नये असं स्पष्ट मत आहे.

नोंद 6 च्या शेवटी लिहिलं होतं की पेपर फसला तर पुठ्ठ्याचे दोन थर आणि वर वीतभर पाचट. तो बेत रद्द. कोल्हापूरच्या आषाढातल्या पावसात पुठ्ठा टिकत नाही, आणि त्याखालीही माळा अखंडच राहतील. हिशोब उलटा करायला हवा: सगळ्या गाठी एकदम जाग्या करायच्या आणि फुटल्या की कापायच्या. गाठीतला साधारण 60 टक्के साठा पहिलं रोप उभं करण्यात जातो, 20 टक्के दुसऱ्या रोपात. चिवट गाठ त्यानंतरही 10 ते 12 वेळा फुटू शकते, पण उत्तरोत्तर कोंब बारीक होत जातो. पहिल्या दोन भांगलणी (खुरप्यानं तण काढणं) अचूक वेळी साधल्या तर बराचसा जोर संपतो.

वेळ म्हणजे काय, तर दिवस मोजू नका, पानं मोजा. पाच-सहा पानं झाली की रोप कमावतं होतं आणि नव्या गाठी धरायला लागतं. तीन-चार पानांवर कापायचं. या ओलीत आणि उबेत ते साधारण दोन आठवड्यांत येतं. उघडीप नाही म्हणून एक भांगलण लांबवली की आधीची मेहनत पाण्यात.

वाफा 2 वर आतापर्यंत केलेलं काम असं. कुदळीनं 20 सेंमी खोल उलटापालट, ढेकळं हातानं फोडून माळा मुद्दाम तोडल्या. दिसल्या तेवढ्या गाठी वेचल्या. मग झारीनं पाणी. सहाव्या दिवसापासून कोंब दाटीनं आले, पेपरखाली होते त्याच्या दुपटीहून जास्त. बघताना छाती दडपते, पण हवं आहे ते हेच. पॉवर टिलर मात्र फिरवू नये. तो माळा तोडतो हे खरं, पण दात्यांना अडकलेले तुकडे शेजारच्या स्वच्छ वाफ्यात नेऊन सोडतो.

वेचलेल्या गाठी खतखड्ड्यात टाकायच्या नाहीत. मे महिन्यात पत्र्यावर पातळ पसरून पंधरा दिवस खडखडीत वाळवल्या की मरतात. आता ऊनच नाही, म्हणून चुलीत, नाहीतर दहा मिनिटं उकळत्या पाण्यात.

खुरप्याबद्दल: बाजारातली पातळ पत्र्याची रुंद खुरपी या कामाला कुचकामी. ती वरच्या दोन बोटांत पात कापतात. लोहाराकडून गाडीच्या कमानपाट्याचं, दीड इंच रुंद आणि सहा इंच लांब पात्याचं खुरपं करून घ्या. कोंबाच्या बुडाशी फुगीर गड्डा असतो, त्याच्या खालून छेद गेला पाहिजे. गड्डा राहिला तर चार दिवसांत पुन्हा पात.

लव्हाळा या परड्यात आला तो ट्रॉलीच्या शेणखतातून, रस्त्याकडेला ढिगात पडून राहिलेल्या. आता कुठलंही शेणखत किंवा नदीकाठचा गाळ घेताना एक पाटी पसरून, ओली करून, उन्हात पंधरा दिवस ठेवायची. तिधारी काडी आली की तो माल परत. ही परीक्षा फुकट आहे आणि विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा भरवशाची.

हे लिहिता लिहिता अजून एक सुचलं. लव्हाळा उन्हाचा भुकेला आहे, सावलीत त्याचा जोर मोडतो. आधी तिसऱ्या भांगलणीनंतर रताळ्याचे वेल सोडायचे होते. पण वेल पसरले की खाली खुरपं चालत नाही, आणि रताळी काढताना उरलेल्या गाठी पुन्हा विखुरतात. त्याऐवजी अर्ध्या वाफ्यात फुटाफुटावर ओळी करून ताग, 20 चौरस फुटांना 20 ग्रॅम बी. ओळींमध्ये खुरपं फिरेल, वर सावली, आणि फुलावर आला की बुडातून कापून आच्छादन. उरलेल्या अर्ध्यात नुसती भांगलण. फरक कळेल.

वाफा 5 मधल्या केना या दुसऱ्या तणाबद्दल विचारणा होती. वरची निळी फुलं खुडून उपयोग नाही. केना जमिनीखालीही न उमलणारी फुलं धरतो आणि तिथंच बी पिकवतो. बुडापाशीचे पांढरे, जाड कोंब मातीसकट निघाले पाहिजेत. उपटलेला केना ओल्या मातीवर टाकू नका, पेरापेरातून मुळ्या फुटतात. कुंपणाकडेचं गाजर गवत कळी यायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट काढलं. बाकी काही नाही.

पारदर्शक प्लास्टिकचा खरा प्रयोग येत्या मार्च-एप्रिलसाठी राखून ठेवला आहे. पावसाळ्यात त्याखाली ताप चढत नाही आणि लव्हाळा हरितगृहात असल्यासारखा पोसतो. तेव्हा आधी माळा तोडणे, मग भरपूर पाणी, कोंब दिसताच प्लास्टिक मातीला घट्ट चिकटवून सहा आठवडे. तापानं वरच्या गाठी जातील, खोल गेलेल्या वाचतील, त्यांच्यासाठी खुरपं आहेच.

तिसऱ्या भांगलणीनंतर दोन्ही अर्ध्यांतून एकेक चौरस फूट उकरून गाठी मोजणार. जाळी या वेळी 4 मिमीची. 6 मिमीतून कोवळ्या पांढऱ्या गाठी निसटत असाव्यात, म्हणजे 41 हा आकडा कमीच धरा.