काठावरची राखण

रविवार, सप्टेंबर

चतुर या पाण्यावर घिरट्या घालणाऱ्या कीटकाच्या नरांची मादीसाठी चाललेली झुंज मीलनापाशी संपत नाही. पाण्यावर आपल्याला दिसणारे पाठलाग हा त्या झुंजीचा फार थोडा भाग आहे, असे मला दिवसेंदिवस अधिक ठामपणे वाटू लागले आहे.

ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठावर जिथे थोडे गवत उरले आहे, तिथे आज सकाळी एक किरमिजी नर सुकलेल्या काडीवर ठाण मांडून होता. दुसरा नर हद्दीत शिरला की तो झेपावे, दोघे पाण्यालगत वेगाने एकमेकांमागे धावत आणि पहिला पुन्हा त्याच काडीवर येऊन पंख किंचित पुढे झुकवून बसे. टक्कर क्वचितच झाली. अंडी घालण्यासाठी मादीला पाण्यावर यावेच लागते, एरवी ती दूर झाडोऱ्यात असते. म्हणून जागा राखणाऱ्यालाच तिची गाठ पडण्याची अधिक आशा. सिमेंटने बांधलेल्या काठावर अशी काडीच नसते, याची मला खरोखर खंत वाटते.

नराचे शुक्राणू पोटाच्या टोकाजवळून बाहेर पडतात. ते तो आधी पोटाच्या छातीलगतच्या दुसऱ्या-तिसऱ्या खंडाखाली असलेल्या अवयवात आणून ठेवतो. मग पोटाच्या टोकाने मादीचे डोके पकडतो आणि ती आपले पोट वळवून त्या अवयवाला भिडवते. मात्र आधीच्या नराचे शुक्राणू तिच्या शरीरात साठलेले असू शकतात. डार्विनने १८७१ साली नरांची चढाओढ आणि मादीची निवड यांविषयी सविस्तर लिहिले. शुक्राणूंमधल्या या आतल्या स्पर्धेची नीट मांडणी ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जेफ्री पार्कर यांनी केली ती १९७० मध्ये. पुढे १९७९ साली अमेरिकेतल्या एका टाचणीच्या (चतुराच्या सडपातळ भाऊबंदाच्या) अभ्यासातून जे दिसले ते वाचून मी थक्क झालो: आपले शुक्राणू देण्यापूर्वी नर त्याच अवयवाने आधीच्याचे जवळजवळ सगळे शुक्राणू खरवडून बाहेर काढतो.

हे कळल्यापासून मीलनानंतरचे त्याचे वागणे मला उलगडू लागले. मादी पोटाचे टोक पाण्याला टेकवत अंडी सोडत होती आणि किरमिजी नर तिच्यावर घिरट्या घालत जवळ येणाऱ्या प्रत्येकाला पिटाळत होता. अनेक जातींच्या टाचण्यांमध्ये तर अंडी घालून होईपर्यंत नर मादीची मान सोडतच नाही, कारण तिला मध्येच दुसरा भेटला, तर उरलेली बहुतेक अंडी त्या दुसऱ्याची ठरतात.