‘दान्स माकाब्र’ सात मिनिटांवरून 2:44 वर: शॉर्ट प्रोग्रामच्या संगीताची नोंदवही

काम: कामी सँ-साँसची 1874 ची ही रचना फिगर स्केटिंगमधल्या सीनियर महिला एकेरीच्या शॉर्ट प्रोग्रामच्या (ठरलेल्या घटकांच्या छोट्या फेरीच्या) वेळेत बसवायची, आणि सातही घटक (तीन जंप, तीन स्पिन, एक स्टेप सिक्वेन्स म्हणजे पावलांची सलग मालिका) संगीतावर नेमक्या जागी ठेवायचे. 2025-26 च्या नियमांनुसार वेळ 2:40, दहा सेकंद इकडे-तिकडे चालतात. आकडेमोडही त्याच हंगामाची. किम यु-ना हिने याच रचनेवर 2009 च्या लॉस एंजेलिस जागतिक स्पर्धेत शॉर्ट प्रोग्रामला 76.12 गुण घेतले होते. त्यामुळे तुलना होणारच, हे धरूनच काम सुरू आहे.

पहिला आठवडा: रेकॉर्डिंग

सँ-साँस 1921 साली गेले, त्यामुळे रचना कॉपीराइटमधून मोकळी आहे. पण रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो, तो ज्याचा त्याच्याकडून घ्यावा लागतो. ही परवानगी कापणीच्या आधी मिळवायची. नाहीतर बसवलेला प्रोग्राम ऐन स्पर्धेत नव्या ट्रॅकवर न्यायची वेळ येते.

चार रेकॉर्डिंग ऐकली. निकष एकच होता, लय किती स्थिर आहे. मैफिलीत वाद्यवृंद शेवटाकडे वेग वाढवतो तेव्हा छान वाटतं, पण सुरुवातीचा तुकडा शेवटाला जोडला की दोन-तीन टक्क्यांचा फरकही पायाला जाणवतो. कान फसतो, पाय फसत नाही. निवडलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तीन मात्रांचं एक आवर्तन साधारण 0.9 सेकंदाचं आहे आणि ते बहुतेक भागात टिकतं.

दुसरा आठवडा: सुरुवात

मूळ रचनेत हार्पवर एकच स्वर बारा वेळा वाजतो, मध्यरात्रीचे बारा ठोके. मग व्हायोलिनचा तो खरखरीत, मुद्दाम बेसूर वाटणारा जोडस्वर येतो. व्हायोलिनची सर्वांत वरची तार अर्धा स्वर उतरवून लावलेली असते, म्हणून तो तसा वाजतो. बारा ठोके ठेवले तर दहा सेकंदांहून जास्त वेळ जातो. चारच ठेवले.

प्रोग्रामचं घड्याळ स्केटर हलल्यावर सुरू होतं. म्हणजे उभ्या अवस्थेतले पहिले चार सेकंद फुकट मिळतात. फाइल 2:48 ची, प्रोग्राम 2:44 चा. 1984 ला साराजेव्हो ऑलिंपिकमध्ये टॉर्व्हिल आणि डीन या ब्रिटिश आइस डान्स जोडीने याच कलमाचा सगळ्यात सुंदर वापर केला. त्यांचा ‘बोलेरो’ 4:28 चा होता आणि मर्यादा 4:10 ची. पहिले 18 सेकंद ते गुडघ्यांवर होते, ब्लेड बर्फाला लागलंच नव्हतं. नियमातली पळवाट आणि प्रोग्रामची सर्वांत लक्षात राहिलेली प्रतिमा, दोन्ही एकच.

आपल्याकडे चारच सेकंद आहेत, आणि तेवढेच हवेत. एकेरीत याहून जास्त वेळ पुतळ्यासारखं उभं राहिलं की ताण वाढत नाही, ओसरतो.

तिसरा आठवडा: सांधे

एकूण तीन सांधे. दोन लगेच सुटले, एकाने आठवडा खाल्ला.

1:05 ला मोठ्या आवाजातून मधल्या सौम्य भागात जायचं होतं. सरळ कापल्यावर गचका बसला. कारण स्वर नव्हता, आधीच्या तालवाद्याची आस होती. सभागृहातला तो घुमणारा आवाज एका क्षणात नाहीसा झाला की पंखा बंद पडल्यासारखं वाटतं. उपाय: आधीच्या तुकड्याची दीड सेकंदाची आस दुसऱ्या ट्रॅकवर ठेवून हळूहळू उतरवली आणि नवा तुकडा तिच्याखाली समेवर सुरू केला. बाकी दोन सांध्यांना 25 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा उतरवत दुसरा चढवणं) पुरला, कारण दोन्ही जागी समेवर मोठा ठोका आहे आणि तो सांधा झाकतो.

ज्यांना हे करायचंय त्यांनी कापताना मात्रा मोजाव्यात, सेकंद नव्हे. आवर्तन अर्धवट तोडलं तर ज्याला संगीतातलं काही कळत नाही त्यालाही ठेच लागते. दादऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानाला तर लगेच.

चौथा आठवडा: घटक

संगीताचे गुण फक्त कंपोनंट्समध्ये (अख्ख्या प्रोग्रामच्या दर्जाच्या गुणांत) मिळतात, हा समज मोडायला हवा. कंपोनंट तीन आहेत: कंपोझिशन, प्रेझेंटेशन, स्केटिंग स्किल्स. महिलांच्या शॉर्टमध्ये गुणक 1.33. प्रेझेंटेशन अख्ख्या एका गुणाने वाढलं तर हातात 1.33 येतात. पण घटक संगीताशी जुळणं हा जीओईचाही (ग्रेड ऑफ एक्झिक्युशन, म्हणजे प्रत्येक घटक किती चांगला केला याच्या गुणांचा) एक निकष आहे. लुट्झ-टो लूप जोडीवर (लागोपाठ दोन जंप) जीओईची एक पायरी वर म्हणजे 0.59, फ्लिपवर 0.53, डबल अ‍ॅक्सलवर 0.33, लेव्हल 4 (सर्वांत वरच्या पातळीच्या) स्टेप सिक्वेन्सवर 0.39. लेव्हल 4 चे तीन स्पिन (फ्लाइंग कॅमल, पाठ मागे वाकवून घ्यायचा लेबॅक, कॉम्बिनेशन) धरले तर सातही घटकांचे मिळून 2.78. म्हणून संगीताचं काम तंत्रापासून वेगळं काढताच येत नाही.

जंपची कोणती गोष्ट समेवर हवी? लँडिंग. ट्रिपल (तीन फेऱ्यांची जंप) हवेत साधारण 0.6 सेकंद असतो, म्हणजे एका आवर्तनाहून कमी. टेक-ऑफ समेवर धरला तर लँडिंग आवर्तनाच्या मध्येच पडतं आणि बघणाऱ्याला उशीर झाल्यासारखं वाटतं. मात्र लँडिंगसाठी एकुलता एक मोठा ठोका निवडू नये. लुट्झचा प्रवेश लांब, त्यात पाव सेकंद मागेपुढे होतोच. ठोका हुकला तर चूक उघडी पडते. म्हणून जोडी 0:24 ला ठेवली, तिथे सलग सहा आवर्तनांना ठळक सम आहे. एक हुकली तर पुढची धरता येते.

डबल अ‍ॅक्सल 0:50 ला, फ्लिप 1:40 ला. शॉर्टमध्ये शेवटची जंप दुसऱ्या अर्ध्यात असेल तर मूळ किंमतीवर दहा टक्के मिळतात, फ्लिपचे 5.30 चे 5.83 होतात.

लेबॅक आधी झायलोफोनवर ठेवला होता, हाडं खडखडतात ती जागा. तो फसला. स्पिन सेकंदाला दोन-एक फेऱ्यांचा, झायलोफोन त्याच्या कितीतरी पुढे. मग हात उगाच झटकले जातात. लेबॅक सौम्य भागात नेला, तिथे पाठीची कमान व्हायोलिनच्या लांब ओढीबरोबर खुलते. झायलोफोन ट्विझलला (एका पायावर पुढे सरकत घेतलेल्या झटपट गिरक्यांना) दिला, तो चपखल बसला.

स्टेप सिक्वेन्सचा वेगळा प्रश्न होता. प्रत्येक मात्रेला पाऊल टाकलं तर एज (ब्लेडच्या कडेवर झुकून काढलेले वळसे) उथळ होतात आणि सगळं टकटक दिसतं. दोन मात्रा एज धरायची, तिसरीवर रॉकर किंवा काउंटर, म्हणजे एका पायावरची वळणं. चार आवर्तनांनंतर एकदा हे मोडून पूर्ण आवर्तनभर एकच खोल एज. ती एक एज सिक्वेन्सला श्वास देते. आमच्या मते अख्ख्या प्रोग्रामातली तीच सर्वांत मोलाची जागा.

पाचवा आठवडा: रिंकचा स्पीकर

हेडफोनवर सुरेख, रिंकमध्ये निम्मं गायब. छत उंच, भिंती कडक, खर्ज घुमतो आणि हळू सूर विरतात. 100 हर्ट्झखालचा भाग 4 डेसिबलने उतरवला, सौम्य भाग 6 ने चढवला, कमाल पातळी उणे 1 डेसिबलवर ठेवली. हार्पचे ठोके आता दूरच्या टोकालाही ऐकू येतात. फाइल मोनोमध्येही (दोन्ही वाहिन्या एकत्र करून) तपासली, कारण काही ठिकाणी एकच वाहिनी वाजते.

शेवट अजून पक्का नाही. कॉम्बिनेशन स्पिन कळसावर थांबतो, मग ओबोवर कोंबडा आरवतो, पहाट होते, आणि तारा छेडून काढलेले दोन हलके स्वर येतात. मूळ पहाट लांब आहे, तिचे पाच सेकंदच ठेवलेत. ओबोवर फक्त मान वळते, दुसऱ्या स्वरावर शरीर थांबतं. ते दोन स्वर 3 डेसिबलने आणखी चढवले तर भुतांचा निरोप ओरडल्यासारखा वाटतो, न चढवले तर मागच्या रांगेत पोचत नाहीत. पुढच्या खेपेला फक्त दुसरा स्वर चढवून बघायचा आहे.