फ्रांकनमधला मे: पांढरी शतावरी आणि धुराची बिअर

जर्मनीला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "म्युनिक पाहिलंत ना?" नाही पाहिलं. लेक एर्लांगेनला नोकरीला आहे. 2025च्या मे अखेरीला तिच्याकडे मुक्काम टाकला आणि दहा दिवस न्युर्नबेर्ग, एर्लांगेन, बाम्बेर्ग या तीनच गावांत काढले. तिन्ही एकाच रेल्वेमार्गावर आहेत, टोकापासून टोकापर्यंत जेमतेम 60 किलोमीटर. या भागाचं नाव फ्रांकन. नकाशावर तो बव्हेरिया राज्यात येतो, पण तिथल्या माणसाला बव्हेरियन म्हणू नका. नेपोलियनच्या धामधुमीत त्यांचा मुलूख बव्हेरियाला जोडला गेला, ते अजून पूर्ण पचलेलं दिसत नाही. ते स्वतःलाही फ्रांकनच म्हणवतात.

पहिलाच दिवस फसला. आम्ही 28 तारखेला रात्री पोचलो. लेक कामानिमित्त बाहेरगावी होती आणि फ्रिजमध्ये दूध आणि अंडी, बस्स. सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडलो तर अख्खं गाव बंद. येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी, ती दरवर्षी गुरुवारीच येते. त्याच दिवशी त्यांचा 'पितृदिन' असतो, आणि तो साजरा करायची रीत म्हणजे हातगाडीवर बिअरचे क्रेट ठेवून पुरुषांनी टोळक्यानं रानात भटकायचं. माझ्या नवऱ्याचा गुरुवार असतो, म्हणजे अंडीही बाद. शेवटी स्टेशनवरची बेकरी उघडी सापडली आणि ब्रेड-लोण्यावर दिवस निघाला. तेव्हा मे-जूनमध्ये जाणार असाल तर आधी सुट्ट्या बघा. रविवारी तर दुकानं बंद असतातच.

आता मुख्य विषय, श्पार्गेल. म्हणजे पांढरी शतावरी. आपल्याकडे शतावरी म्हटलं की बाळंतिणीचा शतावरी कल्प आठवतो. ही त्याच कुळातली, पण वेगळी जात, आणि खायचा तो जमिनीतून वर येणारा कोवळा कोंब. त्यावर मातीचे उंच वरंबे चढवतात. ऊन लागलं नाही की कोंब हिरवा होत नाही, पांढरा राहतो. डोकं मातीतून वर येण्याच्या बेतात असताना हातानं उकरून एकेक कापायचा. न्युर्नबेर्गच्या उत्तरेला क्नोब्लाउखस्लांड, म्हणजे शब्दशः 'लसणाचा मुलूख', नावाचा भाजीपाल्याचा पट्टा आहे, तिथे हे वरंबे रस्त्यालगत दिसतात.

हंगाम एप्रिलच्या मध्याला सुरू होतो आणि 24 जूनला संपतो. नंतर कोंब कापत नाहीत, रोपाला पुढच्या वर्षासाठी जीव धरू देतात. या दोन महिन्यांत माणसं जे काही करतात ते आपल्या हापूसवेडाच्या तोडीचं आहे. हॉटेलांत वेगळं श्पार्गेल-कार्ड, म्हणजे मेनू, बाजारात जाडीप्रमाणे आणि सरळपणाप्रमाणे प्रतवारी, वेगवेगळे भाव. सुपासाठी वाकडे, मोडके कोंब घ्यावेत, चव तीच. पारख करायची तर दोन कोंब एकमेकांवर घासा. ताजे असतील तर किरकिरतात, आणि कापलेलं टोक ओलसर असतं. घरी आणल्यावर डोक्याच्या खालपासून बुडापर्यंत जाड सोलायचे. मी पहिल्यांदा काकडीसारखी वरवर साल काढली आणि सगळ्यांनी दोरे चघळले. पाण्यात मीठ, चिमूटभर साखर, लोण्याचा तुकडा टाकून बारा-पंधरा मिनिटं उकडायचे. (दुसऱ्या दिवशी लघवीला विचित्र वास आला तर घाबरू नका, शतावरीचाच आहे.)

शाकाहारींनी उकडलेले बटाटे आणि वितळलेलं लोणी यांच्यासोबत मागवावं. ताटात हॅम येतो, म्हणून 'ओने शिंकन', म्हणजे हॅमशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. सुपात मांसाचा स्टॉक असू शकतो, तेही विचारा. नवऱ्यानं सहा दिवस हेच खाल्लं आणि तक्रार केली नाही, यात काय ते आलं.

बाम्बेर्गला एक दिवस पुरत नाही, निदान एक रात्र राहा. 1993पासून जागतिक वारसा यादीत असलेलं हे गाव दुसऱ्या महायुद्धातून बरंचसं सुखरूप वाचलं. जुनं नगरभवन रेग्निट्झ नदीच्या ऐन पात्रात उभं आहे. बिशप जागा देईना म्हणून नागरिकांनी नदीत खुंट ठोकून बेटच तयार केलं, अशी दंतकथा. त्याच्या भिंतीवरचं चित्र नीट बघा, एका देवदूत-बाळाचा पाय खरोखर भिंतीबाहेर आला आहे. वर टेकडीवर कॅथेड्रल. तिथे सम्राट हाइनरिश दुसरा आणि त्याची राणी कुनिगुंडे यांची शिल्पकार रीमेनश्नायडरनं कोरलेली समाधी आहे, आणि पोप क्लेमेंट दुसरा याचीही. आल्प्सच्या उत्तरेला असलेली पोपची ही एकमेव समाधी.

पण आम्ही गेलो होतो राउखबिअरसाठी, म्हणजे धुराच्या बिअरसाठी. पूर्वी बिअरचं मोड आलेलं धान्य लाकडाच्या जाळावरच वाळवत, त्यामुळे बिअरला धुराचा वास सरसकट असायचा. बिनधुराच्या भट्ट्या आल्या आणि तो गेला. बाम्बेर्गमध्ये श्लेंकर्ला आणि श्पेत्सिआल या दोन बिअरघरांनी बीच नावाच्या झाडाच्या लाकडावरचा जुना प्रकार सोडला नाही. श्लेंकर्लाची बिअर काळपट आणि दणदणीत. पहिला घोट घेतला आणि निखाऱ्यात भाजलेल्या वांग्याचं साल तोंडात आल्यासारखं वाटलं. दुसऱ्या ग्लासाला आवडू लागली. धूर सोसत नसेल त्यांनी श्पेत्सिआलपासून सुरुवात करावी, तिथला सौम्य आहे. अर्ध्या लिटरला तिथे 'झाइडला' म्हणतात. हा शब्द वापरलात की वाढणारी बाई हसून बोलते. बिअरच्या शुद्धतेचा 1516चा बव्हेरियन कायदा जगप्रसिद्ध आहे, पण बाम्बेर्गकर लगेच सांगतात, आमचा 1489चा.

संध्याकाळी 'केलर'वर जा. केलर म्हणजे तळघर, पण फ्रांकनमध्ये माणसं केलर'मध्ये' जात नाहीत, केलर'वर' जातात. टेकडीत भुयारं खोदून बिअर थंड ठेवायची, वर सावलीसाठी झाडं लावायची आणि त्या झाडांखाली बसून प्यायची, असा तो प्रकार. श्पेत्सिआलच्या केलरवरून कॅथेड्रलचे चारही मनोरे दिसतात. बऱ्याच केलरवर घरचा डबा चालतो, तरी आधी विचारून घ्या. आम्ही दुसऱ्या एका केलरवर विचारून थालीपीठं उघडली, तर शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी मुळ्याच्या चकत्या पुढे केल्या. नवरा पीत नाही. त्याला बिनअल्कोहोलची गव्हाची बिअर सगळीकडे मिळाली आणि कुणी भुवई उंचावली नाही.

न्युर्नबेर्गला किल्ला, चित्रकार ड्यूररचं घर वगैरे आहेच. मला दोन जागा महत्त्वाच्या वाटल्या. एक, शहराखालची दगडातली बिअरची भुयारं. बिअर विकणाऱ्यानं स्वतःचं तळघर ठेवलंच पाहिजे, असा नगरपरिषदेचा 1380चा हुकूम होता. युद्धात तीच भुयारं बॉम्बपासून आसरा झाली. जूनमध्येही स्वेटर न्या. दुसरी, 600 क्रमांकाचं न्यायदालन, जिथे नोव्हेंबर 1945पासून नाझी नेत्यांवर खटला चालला. दालन अपेक्षेपेक्षा लहान आहे. तिथून बाहेर पडल्यावर लगेच काही खावंसं वाटलं नाही. तासाभरानं मी 'द्राय इम वेगला' घेतलं, म्हणजे पावात बोटाएवढे तीन सॉसेज. हे सॉसेज 7 ते 9 सेंटीमीटरचंच असलं पाहिजे, असा नियम आहे.

खर्चाचं थोडं. 'डॉइचलांड-टिकेट'वर देशभरातल्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस महिनाभर चालतात, आयसीईसारख्या जलद गाड्या नाहीत. आम्हाला 58 युरो पडले, 2026पासून 63 आहेत. ते वर्गणीसारखं असतं, चालू महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. एक-दोनच दिवस फिरायचं असेल तर बव्हेरियापुरतं एका दिवसाचं 'बायर्न-टिकेट' बरं. रोख पैसे जवळ ठेवा, जुन्या बिअरघरांत कार्ड चालेलच असं नाही. टिप टेबलावर ठेवायची नसते, बिल देतानाच वाढीव रक्कम सांगायची. 'श्टामटिश' अशी पाटी असलेल्या टेबलावर बसू नका, ते नेहमीच्या मंडळींचं. इतर टेबलांवर अनोळखी लोकांशेजारी खुशाल बसा, आधी विचारलं की झालं.

5 जूनला एर्लांगेनची 'बेर्ग' जत्रा सुरू झाली, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या आधीच्या गुरुवारी होते तशी. 1755पासून चालत आलेली, बारा दिवसांची. टेकडीच्या उतारावर झाडांखाली बाकांच्या रांगा आणि लिटरभराचे दगडी मग. मगची अनामत परत घ्यायला विसरू नका. दुपारी जा, रात्री आठनंतर पाय ठेवायला जागा नसते. आणि हो, पुन्हा गुरुवार होता. नवऱ्यानं मोठा खारा ब्रेत्सेल घेतला आणि माझ्या मगकडे बघत सावकाश खाल्ला.